सुरकुतलेले, कोंब आलेले बारके बटाटे लावले तर येतील का? (सोलापूर)

गच्चीवाली_जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी, टोपलीच्या तळाशी राहिलेले बटाटे निघालेत, सगळे बारके, काही तर सुपारीपेक्षा जरासेच मोठे, साल सुरकुतलीय आणि सगळ्यांना कोंब आलेत. काहींचे आखूड जांभळट, काहींचे पांढरे लांबच लांब, हात लावला की मोडतात. टाकून द्यायला जीव होत नाही. गच्चीवर सिमेंटची रिकामी पोती आहेत, रानातली काळी माती पण आणून ठेवलीय. बटाटे लागतील का नुसता पालाच वाढेल? आणि सासूबाई म्हणतात कोंबाचा बटाटा विषारी, मग त्याचं पीक खाल्लेलं चालतं का? नुकताच दसरा झालाय, ऊन अजून चटके देतंय, लगेच लावू का थांबू?

मोहोळचा_शेतकरी
ताई, बटाटा बारका आहे म्हणून काही बिघडत नाही, उलट बारका असला की कापायची गरजच नाही, अख्खा लावायचा म्हणजे कुजायची भीती कमी. पण दिवाळीपर्यंत थांबा. बटाट्याला पोसायला थंड रात्र लागते, साधारण वीस डिग्रीच्या खाली, ती आपल्याकडं थंडीच्या दिवसांतच मिळते. दिवाळीच्या आसपास लावला तर फेब्रुवारीत काढणीला येतो, मार्चचं ऊन लागायच्या आत. उन्हाळ्यात लावला तर पाला दणकून येतो आणि खाली काहीच नसतं.
तोवर ते बटाटे अंधारात ठेवू नका, खिडकीजवळ सावलीच्या उजेडात एका थरात पसरून ठेवा, म्हणजे नवीन कोंब आखूड, जाड राहतात. लांब पांढरे मोडले तर मोडू द्या, डोळ्यातून परत फुटतात, पण सारखे मोडत बसू नका, दरवेळी बेण्याची ताकद कमी होते.

बागेतली_आज्जी
सासूबाईंचं बरोबर आहे, कोंब आणि हिरवा झालेला भाग खायचा नाही, त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं. पण लावायला चालतो, आणि मातीखाली झाकून वाढलेला नवीन बटाटा बिनधास्त खा. फक्त वाढताना त्याला उजेड दिसू द्यायचा नाही, नाहीतर तोही हिरवा पडतो.
नुसती काळी माती मात्र भरू नका गं. ओली असली की पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात, आणि त्या भेगांतून उजेड तर जातोच, शिवाय पाकोळी (बटाट्यावर पडणारा बारका पतंग) आत शिरून बटाट्यावर अंडी घालते. निम्म्याला निम्मं वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळ, पोत्याला खालून भोकं पाड.

विजापूर_रोड_बागवाला
माझं मत थोडं वेगळं आहे. मंडईतला बटाटा बेण्याचा नसतो, त्यात व्हायरस असू शकतो, वरून दिसत नाही पण झाड खुरटतं, पानं गुंडाळतात. म्हणूनच शेतकरी पंजाबचं बेणं आणतात, तिकडं बेण्याच्या हंगामात मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) कमी असतो आणि माव्यातूनच हा रोग पसरतो. पोत्यात हौसेनं लावायला हरकत नाही, पण ज्याला केसासारखे बारीक कोंब आलेत तो काढून टाका, आखूड, जाड कोंब असलेलेच घ्या. आणि ज्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची होती ती माती वापरू नका, बटाट्यासकट सगळी एकाच कुळातली, रोगही सारखेच.

गच्चीवाली_जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार! काही बटाट्यांना पाच-सहा कोंब आहेत, सगळे ठेवू का? आणि आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्याचं कसं करायचं?

मोहोळचा_शेतकरी
दोन-तीन जाड कोंब ठेवा, बाकीचे खुडा. जुनं बेणं असलं की खोडं जास्त फुटतात, बटाटे भरपूर लागतात पण गोट्यांएवढेच राहतात, आणि झाड लवकर वाळतं. कोंब वर करून चार बोटं खोल लावा. पोतं अर्धंच भरा, कडा खाली दुमडा, आणि झाड वीतभर झालं की बुडाशी माती चढवत जा, कारण नवीन बटाटे बेण्याच्या वरच्या अंगाला लागतात.
पाण्याचं म्हणाल तर वरून उसाचं पाचट जाड अंथरा, ओल टिकते आणि मुळं पण थंड राहतात. बादलीत पाणी साठवून थोडं थोडं द्या, कधी कोरडं ठणठणीत आणि कधी पोतं भरून, असं झालं की बटाटे वेडेवाकडे होतात, तडकतात. पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडा आणि आठ-दहा दिवसांनी उकरा, तेवढ्यात साल पक्की होते.