विंडोज ११ केल्यावर यूएसबी-सिरियल केबल चालेना

प्रश्न
नमस्कार मंडळी. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केल्यापासून यूएसबी टू सिरियल केबल बंद आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली पिवळा त्रिकोण दिसतो आणि नावाच्या जागी 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर' असं वाक्य येतं. हार्डवेअर आयडी: व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०६७बी, पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) २३०३. ड्रायव्हर काढून परत टाकला, यूएसबी पोर्ट बदलला, फरक नाही. विंडोज १० च्या मशीनवर हीच केबल व्यवस्थित चालते. वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर हिच्यावरच चालतं.

उत्तर १
केबल ठीक आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या एचएक्सए चिपचा सपोर्ट काढलाय. ड्रायव्हर चिप ओळखतो आणि मुद्दामच सुरू होत नाही. म्हणून तोच ड्रायव्हर कितीही वेळा काढा-घाला, वाक्य तेच येणार.

जुना ६४-बिट ड्रायव्हर लागेल, आवृत्ती ३.३.११.१५२, सन २०१०. आधी रिस्टोअर पॉइंट करा आणि इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच नवा ड्रायव्हर आणून बसवतं. जुनं पॅकेज इन्स्टॉल करा. मग डिव्हाइसवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक. यादीत एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतील, त्यातली २०१० ची निवडा. 'आपोआप शोधा' हा पर्याय घेऊ नका, तो पुन्हा नवीनच उचलतो.

हे टिकायला हवं असेल तर नवं पॅकेज ड्रायव्हर स्टोअरमधूनच (विंडोज ड्रायव्हरच्या प्रती जिथे साठवतं तिथून) काढा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स' दिल्यावर प्रत्येक पॅकेजचं 'ओईएम'ने सुरू होणारं नाव, तारीख आणि आवृत्ती दिसते. आवृत्ती नीट जुळवून मगच 'पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर', पुढे ते ओईएम नाव आणि शेवटी '/अनइन्स्टॉल'. प्रत्येक मशीनवर हा ओईएम आकडा वेगळा असतो, दुसऱ्याचा बघून टाकू नका.

उत्तर २
वरचा उपाय बरोबर, पण काम रोजचं असेल तर केबल बदलणंच शहाणपणाचं. इतका जुना ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी (विंडोजचं एक सुरक्षा-संरक्षण) चालू असताना अडू शकतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये बहुतेक कोड ३९ (ड्रायव्हर लोड झाला नाही) दिसतो. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ते तपासा. एका केबलसाठी हे संरक्षण बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे.

नवी केबल घेताना डब्यावरचं नाव नको, चिप बघा. एफटी२३२आर (व्हीआयडी ०४०३, पीआयडी ६००१) किंवा सीपी२१०२ (१०सी४, ईए६०) असेल तर विंडोज ११ साठी ड्रायव्हर मिळतो. सॉफ्टवेअरला फक्त कॉम पोर्ट (विंडोजने सिरियल पोर्टला दिलेलं क्रमांकाचं नाव) दिसतो, खाली चिप कोणती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आणि 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणारी फुकटची टूल्स यात अजिबात आणू नका.

प्रश्नकर्ता
जुन्या ड्रायव्हरने त्रिकोण गेला, मेमरी इंटिग्रिटीनेही अडवलं नाही. पण पोर्ट आलाय कॉम ११, आणि सॉफ्टवेअरच्या यादीत १ ते ४ च आहेत.

उत्तर १
डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे कॉम ३ द्या. 'इन यूज' म्हणत असेल तर बहुधा आधी लावलेल्या एखाद्या केबलने तो क्रमांक अडवलाय. व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हाइसेस करा आणि पोर्ट्सखालची फिकट दिसणारी नोंद अनइन्स्टॉल करा. केबल नेहमी त्याच यूएसबी पोर्टात लावा, दुसरीकडे लावली की नवा क्रमांक मिळू शकतो.

काटा जोडण्याआधी केबलच्या ९ पिनच्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना तारेने जोडा. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये कॉम ३ उघडा, फ्लो कंट्रोल 'नन' ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर ड्रायव्हर आणि केबल दोन्ही ठीक. त्यानंतर काट्यावरून अगम्य चिन्हं आली तर बॉड रेट (डेटाचा वेग) किंवा पॅरिटी (चूक तपासण्याची सेटिंग) जुळत नाही. काहीच आलं नाही तर सरळ वायरऐवजी क्रॉस वायर (२ आणि ३ च्या तारा उलटसुलट असलेली) लावून बघा.