चक्रीवादळानंतरचा तात्पुरता निवारा: अकरा संस्थांचं काम एका ओळीत कसं आणायचं?

(मोजपट्टी, ओळंबा, वळचण, जोतं आणि तुळई ही या चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

मोजपट्टी (प्रश्न)

वादळानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या निवारा-समन्वयाबद्दल विचारायचं आहे. उदाहरणासाठी असं धरा: ६४ गावं, नुकसान झालेली ४,२०० कुटुंबं, प्रशासनाकडून एक अधिकारी आणि ११ संस्था. पहिल्या आठवड्यात नेहमी होतं तेच झालं आहे. रस्त्यालगतच्या गावांत ताडपत्र्या दोन-दोनदा पोचल्या आणि पूल वाहून गेला त्याच्या पलीकडे एकही नाही. चार शाळांत माणसं राहताहेत आणि शाळा पंधरा दिवसांत उघडायच्या आहेत.

१. कोण, कुठे, काय करतंय याचा तक्ता कसा आखावा म्हणजे तो खरंच उपयोगी पडेल?
२. साठ्यात ५,००० ताडपत्र्या आहेत. कुटुंबाला एक द्यावी की दोन? एक दिली तर सगळ्यांना पुरते.
३. शाळांतल्या लोकांना कुठे हलवावं?
४. पक्क्या घरांचा विचार कधी सुरू करावा, आणि मदत सामानाची की पैशांची?

---

ओळंबा

तक्त्याच्या आधी एक गोष्ट ठरवा: छप्पर मोजताय की चूल? एका घरात तीन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील, तर एक संस्था ‘एक घर’ लिहिते आणि दुसरी ‘तीन कुटुंबं’. मग दोघींचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि दोघीही खरं बोलत असतात. तातडीच्या सामानासाठी चूल धरा, कारण झोपायला जागा आणि पांघरूण माणसांना लागतं. दुरुस्ती आणि बांधकामासाठी छप्पर धरा. तक्त्यात दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा.

नुकसानीच्या श्रेणी तीनच ठेवा: पूर्ण पडलेलं, आज राहता येत नाही पण दुरुस्त होईल असं, आणि राहता राहता दुरुस्त करता येईल असं. पाच-सहा श्रेणी केल्या की सर्वेक्षण करणारे मधल्या श्रेणीवर खूण करून पुढे जातात.

आता तक्ता. एका ओळीत एक संस्था, एक गाव, एक वस्तू. रकाने: गावाचा सरकारी सांकेतिक क्रमांक, वस्तू, किती कुटुंबांना, किती नग, अवस्था, तारीख. गावाच्या नावावर विसंबू नका. एकाच गावाचं नाव तीन जण तीन तऱ्हेने लिहितात आणि तक्त्यात तीन गावं तयार होतात.

सगळ्यात जास्त घोळ ‘अवस्था’ या रकान्यात होतो. तिथे तीनच शब्द चालतील: ठरवलंय, गोदामात आलंय, वाटलंय. समजा गावात १८० कुटुंबं आहेत. एका संस्थेने १२० कुटुंबांना द्यायचं ठरवलंय, दुसरीने १०० जणांना वाटलंय. सरसकट बेरीज केली तर २२० होतात, म्हणजे गाव भागलं असं दिसतं. प्रत्यक्षात आज रात्री ८० कुटुंबं उघड्यावर आहेत. तसंच नगांचं. दर कुटुंबाला दोन याप्रमाणे २०० ताडपत्र्या देणारी संस्था कधीकधी ‘२०० कुटुंबं’ असं लिहून मोकळी होते. म्हणून नग आणि कुटुंबं हे रकाने कधीही एकत्र करू नका.

आकडे आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळेपर्यंत घ्या आणि बैठक दुसऱ्या दिवशी ठेवा, ४५ मिनिटांची. बैठकीत प्रत्येकाने आपण काय केलं ते सांगायचं नाही, ते तक्त्यात आलेलंच असतं. तक्ता ‘वाटलंय’च्या टक्केवारीनुसार चढत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहा गावांवरच बोला. पुलापलीकडच्या गावांसमोर कुणाचंच नाव नसेल तर ती जागा पडद्यावर सगळ्यांना रिकामी दिसते. अशा वेळी ‘आमची एक बोट आहे’ असं सांगणारं कुणीतरी निघतं.

आकडे न देणाऱ्या संस्थेला रागावून काही मिळत नाही. तिच्या कामाचं काहीतरी तिला द्या: रस्त्यांची ताजी स्थिती, गोदामात जागा, ट्रकांना लागणारी परवानगी. समन्वयातून आपलं काम सोपं होतंय असं दिसलं की आकडे आपोआप यायला लागतात.

माणसं किमान तीन हवीत: बैठक आणि प्रशासन सांभाळणारा, आकडे सांभाळणारा आणि बांधकामातला जाणकार. आंतरराष्ट्रीय पातळीवर ही समूह पद्धत, म्हणजे निवारा, पाणी, आरोग्य अशा एकेका विषयावरच्या संस्थांनी एकत्र येऊन काम करण्याची पद्धत, २००५ साली सुरू झाली. तेव्हाच्या विभागणीत निवाऱ्याच्या समूहाची धुरा नैसर्गिक आपत्तीत रेड क्रॉस-रेड क्रेसेंट महासंघाकडे आली, संघर्षातून विस्थापन झालं तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडे. पण अध्यक्षस्थानी स्थानिक प्रशासनाचा अधिकारीच असावा. बाहेरची माणसं काही महिन्यांत जातात, घरं उभी राहीपर्यंत तोच तिथे असतो.

---

वळचण

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडूनच बघू. प्रचलित ताडपत्री ४ × ६ मीटरची, म्हणजे २४ चौरस मीटर. स्फिअर मानकानुसार (आपत्तीतल्या मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) माणशी किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा हवी, म्हणजे पाच जणांना १७.५. सहा मीटरचं आढं टाकून दोन्ही बाजूंना ३० अंशांचा उतार दिला, तर ताडपत्रीखाली जमीन येते सुमारे २०.८ चौरस मीटर. कडा दुमडण्यात आणि वळचणीत थोडी गेली की उरते साधारण १७. म्हणजे एका ताडपत्रीत पाच जणांचं छप्पर होतं, भिंती होत नाहीत. ‘एकेक दिली तर सगळ्यांना पुरते’ याचा अर्थ ज्यांचं सगळं पडलं त्यांनाही भिंतींशिवाय राहायला लावणं.

म्हणून श्रेणीनुसार द्या. समजा ४,२०० चुलींपैकी १,३०० पूर्ण पडलेल्या घरांतल्या, २,१०० छप्पर उडालेल्या पण भिंती उभ्या असलेल्या, आणि ८०० किरकोळ नुकसानीच्या. पहिल्यांना दोन (२,६००), दुसऱ्यांना एक (२,१००), तिसऱ्यांना ताडपत्री नाही, फक्त खिळे, तार आणि दोर. एकूण ४,७०० लागतात, ३०० राखीव राहतात. हे सूत्र सगळ्या ११ संस्थांनी एकाच दिवशी मान्य करायला हवं. नाहीतर शेजारच्या दोन गावांत दोन वेगळे नियम दिसतात आणि भांडण वाटप करणाऱ्या पोरांच्या अंगावर येतं.

ताडपत्री कधीही एकटी देऊ नका. दोर, खिळे, बांधणीची तार, हातोडा, करवत, कोयता, फावडं हे सोबत हवंच. अवजारं दोन-तीन कुटुंबांत मिळून चालतात, दोर आणि खिळे नाही चालत. बांधायला काही नसेल तर ताडपत्री अंथरली जाते, नाहीतर विकली जाते, आणि त्यात त्या कुटुंबाची चूक नसते.

बांधताना नेमकं काय बिघडतं:

ताडपत्री फाटते ती खिळ्यापाशी. नुसता खिळा ठोकला की वारा कापड त्याच्याभोवती हलवत राहतो आणि भोक लांबट होत जातं. कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि खिळा पट्टीतून वाशात ठोका. मग ताण एका ठिपक्यावर न येता सगळ्या पट्टीवर येतो. मधेच कुठे दोर बांधायचा असेल तर भोक पाडू नका. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा खालून ताडपत्रीत धरा, वरून त्याच्या गळ्याशी दोराचा फास आवळा. कापड न फाडता पकड मिळते. दगड टोकदार नको.

उतार ३० अंशांपेक्षा कमी आणि कापड सैल असलं की पाणी मधोमध साचतं. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी साचलं तर १०० किलो भार होतो. आढं तिथेच मोडतं.

मेढी अर्धा मीटर तरी जमिनीत जायला हव्यात, आणि कोपऱ्यांना तिरपे आधार हवेत. तिरपा आधार हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा. चौकट नुसती उभी-आडवी असेल तर पहिल्या जोरदार वाऱ्यात ती एका बाजूला कलंडते.

जुने पत्रे, वासे, दारं आधी वेचून बाजूला ठेवा, ती ताडपत्रीपेक्षा मोलाची आहेत. अपवाद एकच: जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत अॅस्बेस्टॉस (श्वासातून आत गेल्यास घातक असे तंतू) असू शकतं. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. ओले करून, तोंडाला योग्य मास्क लावून अखंड उचलायचे आणि वेगळे ठेवायचे. राडारोडा उचलणाऱ्या संस्थेला हे पहिल्याच दिवशी सांगा.

---

जोतं

शाळांबद्दल. आधी प्रत्येक खोलीत किती माणसं आहेत ते बघा. ६ × ८ मीटरची खोली ४८ चौरस मीटर, म्हणजे १३ जणांची. तिथे चाळीस जण झोपत असतील तर पंधरा दिवस थांबायचं कशाला? संडास पहिल्या दिवसांत ५० माणसांमागे एक, आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक. बायकांचे वेगळे, आतून कडी असलेले आणि वाटेवर उजेड असलेले. कडी आणि दिवा नसेल तर बायका रात्री पाणी प्यायचं टाळतात, हे मोजणीत दिसत नाही.

हलवण्याचा क्रम असा ठेवा: स्वतःच्या जागेवर परत, नाहीतर नातेवाइकांकडे, नाहीतर भाड्याने, आणि यांतलं काहीच जमलं नाही तरच छावणी. छावणी उभारायला वेळ लागतो, ती चालवायला रोज माणसं लागतात आणि बंद करणं सगळ्यात कठीण. शिवाय जागा किती लागते ते बघा. रस्ते, संडास, मोकळी जागा धरून माणशी ४५ चौरस मीटर. हजार माणसांना साडेचार हेक्टर, म्हणजे ११ एकर. जमीन १ ते ५ टक्के उताराची हवी. त्याहून सपाट असली तर पाणी तुंबतं, त्याहून जास्त उतार असला तर माती वाहते. दोन निवाऱ्यांत किमान दोन मीटर, शक्यतो निवाऱ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर, आणि बांधलेल्या दर ३०० मीटरनंतर ३० मीटरचा आग-पट्टा. हा पट्टा नकाशावर असतो आणि महिन्याभरात त्यात नवे तंबू लागतात. तो रिकामा ठेवण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहा.

जे नातेवाइकांकडे गेले त्यांना तक्त्यातून पुसू नका. त्यांचं घर पडलेलंच आहे, आणि यजमानाच्या घरात आता दहा माणसं आहेत. यजमान कुटुंबालाही काहीतरी द्या: आडोशाला ताडपत्री, पाण्याची भांडी, अंथरुणं. नाहीतर दोन महिन्यांत ती माणसं परत शाळेच्या दारात उभी राहतील.

---

मोजपट्टी

तिघांचेही आभार. एक अडचण उरतेच: भाडेकरू, आणि ज्यांच्याकडे जागेचे कागद नाहीत ते. सर्वेक्षणात ‘मालक’ हा रकाना आहे, त्यामुळे हे लोक यादीतच येत नाहीत.

---

जोतं

तो रकाना बदला. ‘वादळाच्या दिवशी या घरात कोण राहत होतं’ असा प्रश्न ठेवा आणि मालकी पुढच्या रकान्यात विचारा. तातडीची मदत राहणाऱ्याला, मालकीचा संबंध नाही. बांधकामाच्या वेळी मात्र जागेची शहानिशा लागते: चार बाजूंच्या शेजाऱ्यांची साक्ष, गावप्रमुखाची सही, हद्दीचा हाताने काढलेला नकाशा आणि हरकतीसाठी ठरावीक दिवस गावात लावलेली यादी. मालमत्तेची कागदपत्रं नवरा-बायको दोघांच्या नावांनी झाली तर विधवेचं घर पुढे दिराच्या नावावर जात नाही.

भाडेकरूच्या निवाऱ्यासाठी मालकाशी लेखी बोलणं करा. किती महिने, भाडं वाढवणार नाही, आणि शेवटी पत्रे कुणाचे. शेवटची अट विसरली जाते आणि तिच्यावरूनच माणसं घराबाहेर काढली जातात.

---

तुळई

चौथा प्रश्न राहिला. पक्क्या घरांचा विचार पहिल्याच आठवड्यात सुरू करा, बांधकाम नंतर. कारण लोक थांबत नाहीत. दहाव्या दिवशी ते वासे उभे करायला लागतात आणि उडालेलं छप्पर पूर्वीसारखंच परत बसवतात. तोपर्यंत सगळ्या संस्थांनी एकच तांत्रिक संदेश ठरवलेला हवा. फिलिपिन्समध्ये २०१३च्या हैयान वादळानंतर निवारा समूहाने सुरक्षित बांधणीचे आठ संदेश ठरवले आणि तेच सगळीकडे वापरले. एक संस्था एक जोड शिकवते, दुसरी वेगळा शिकवते, असं झालं की सुतार दोन्ही सोडून देतो.

पैसे की सामान, हे बाजार पाहून ठरवा. तीन-चार दुकानदारांना विचारा: आज पत्रे किती आहेत, आठवड्याला किती येतात, ट्रक कुठपर्यंत येतो. रस्ता चालू आणि माल येत असेल तर पैसे द्या. पुलापलीकडे सामान द्या. एकाच जिल्ह्यात दोन्ही चालू शकतं, फक्त किंमत सारखी ठेवा. आणि सगळ्या संस्थांनी एकाच आठवड्यात पैसे वाटले तर पत्र्याचा आणि सुताराचा भाव चढतो, म्हणून वाटप टप्प्याटप्प्याने लावा.

घराचे पैसे हप्त्यांत द्या, आणि प्रत्येक हप्ता तपासणीला बांधा. नेपाळमध्ये २०१५च्या भूकंपानंतर सरकारी अनुदान ३ लाख नेपाळी रुपये होतं: ५० हजार, दीड लाख आणि १ लाख अशा तीन हप्त्यांत. या पद्धतीत दोन ठिकाणी काम अडकतं. पहिला हप्ता पायालाही पुरत नसेल तर ज्यांच्याजवळ स्वतःचं काहीच नाही ती कुटुंबं तिथेच थांबतात. आणि तपासणारे अभियंते कमी असले तर पाया तयार असूनही हप्ता येत नाही, तोवर पाऊस येतो. किती अभियंते, दिवसाला किती घरं, हा भागाकार कार्यक्रम जाहीर करण्याआधी करा. दिवसाला प्रत्येकी ६ घरं बघणारे ५ अभियंते १,३०० घरांची एक फेरी ४४ दिवसांत करतात, आणि फेऱ्या तीन असतात.

पत्रा देणार असाल तर जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. गेज (पत्र्याची जाडी सांगणारा क्रमांक) वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटं असल्यामुळे खरेदीत चुका होतात. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर ठोकायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. आढ्यापाशी, वळचणीला आणि दोन्ही कडांना खिळे जवळजवळ हवेत, वारा पत्रा तिथूनच उचलतो. पत्रा वाशाला, वासा तुळईला, तुळई मेढीला आणि मेढ पायाला, प्रत्येक जोडावर पट्टी किंवा तार हवी. तपासणी करणाऱ्याने छपराकडे बाहेरून न बघता आत जाऊन हे चारही जोड हाताने ओढून बघावेत.