पहिली रायफल: थेट पॉइंट टू-टू की आधी एअर रायफल?

ठिपका (धागाकर्ता)
ऑफिसातला एक मित्र नेमबाजी सुरू करतोय. शिकार-बिकार काही नाही, रेंजवर कागदी टार्गेट. परवान्याचं सगळं रीतसर करायची तयारी आहे. पहिली कोणती घेऊ म्हणाला, मी सांगितलं .२२ ची (म्हणजे साधारण ०.२२ इंची गोळीची) सिंगल शॉट बोल्ट अ‍ॅक्शन: एका वेळी एकच गोळी, आणि नळीचं मागचं तोंड उघडझाप करणारा बोल्ट हाताने ओढायचा. त्यावरून एअर रायफलवाल्यांनी मला धारेवर धरलं, म्हणून हा धागा.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय, ते उगाच नाही. धक्का नावाला. बोल्ट उघडला की चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे आपल्यालाही दिसतं आणि शेजारच्यालाही. प्रत्येक गोळी हाताने भरायची, त्यामुळे धडाधड उडवायचा मोहच होत नाही. ५० मीटरवर वारा काय करतो तेही कळतं. एअर रायफल घेणारे बरेच जण लवकरच कंटाळतात आणि ती विकायला काढतात.

काकदृष्टी
कंटाळतात म्हणे! १० मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर आधी छर्रा बसवून दाखवा, मग कंटाळा.

छर्रा जातो साधारण १७० मीटर प्रतिसेकंदाने, .२२ ची गोळी जवळपास दुप्पट वेगाने. म्हणजे चाप ओढल्यावर छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो. तेवढ्यात मान उचलून टार्गेटकडे बघितलंत की कार्डावर लगेच चुगली होते. शिस्त लावायला याहून कडक मास्तर नाही.

आणि धक्का नाही ते ठीक, आवाजाचं काय? .२२ चा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. नवखा माणूस दचकायला शिकतो तो आवाजाने.

ठिपका
कानात प्लग, वर मफ. प्रश्न मिटला. तुमच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलचं बोला. पिस्टन सुटला की आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका. जरा घट्ट धरली की छर्रे कार्डभर पांगले. हे पहिल्या दिवशी शिकवायचं?

काकदृष्टी
स्प्रिंग कोण म्हणालं? पीसीपी घ्या, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, झटक्याचा विषयच नाही. हां, सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरायची असते आणि हातपंपाने भरताना घामटा निघतो, हे विकणारा सांगत नाही. टाकीचा खर्च आधीच धरा.

दारूगोळा
खेळण्यांवरून काय भांडता? सरळ .३०८ घ्या, मोठ्या दमदार काडतुसाची, आयुष्यभर पुरेल.

ठिपका
आयुष्यभर पुरेल, खांदा पुरला तर. दोन पेट्या संपेपर्यंत माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो. ती खोड काढायला शेवटी .२२ च हातात द्यावी लागते.

दारूगोळा
दचकणं मनाचे खेळ आहेत हो.

काकदृष्टी
मग एक करा. त्याच्या काडतुसांत मधेच एक डमी, म्हणजे न उडणारं नकली काडतूस, सरकवा, त्याला न सांगता. पिन नुसती टक् करते, बार होत नाही, आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. मन असेल नाहीतर आणखी काही, गोळी जमिनीतच जाणार होती. (इथे मी आणि ठिपका एका बाजूला, नोंद घ्यावी.)

मोजपट्टी
कॅलिबरवर इतका काथ्याकूट झाला, पण मित्राच्या हाताची लांबी कोणी विचारली का? रिकामी रायफल, बोल्ट उघडा, नळी टार्गेटकडे. आता त्याला डोळे मिटून ती खांद्याला लावू दे, गाल बटवर (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर) टेकवू दे, मग डोळे उघडू दे. पीप साइटच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, भोकात नळीच्या टोकाची पुढची साइट मधोमध आली तर बट मापात आहे. मान पुढे ताणावी लागली तर ती रायफल त्याची नव्हे, मग .२२ असो की एअर. नियमात १० मीटरच्या रायफलला साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे म्हणून तेवढी जड घेऊ नका. बारीक अंगाचा माणूस उभ्याने धरताना कमरेतून मागे कलतो.

प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपसूक पुढाकार घेणारा, कोणता तेही बघा. उजव्या हाताने सगळं करणाऱ्याचाही डावा डोळा प्रबळ निघू शकतो. तोपर्यंत रेंजचीच रायफल वापरा, खरेदीची घाई कोणाला आहे?

सावधान
निवडीत एक गोष्ट राहिली: घरचा सराव. .२२ रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसलात तर काही रायफलींत ती चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ दबतो. बऱ्याच मॅच (स्पर्धेच्या) एअर रायफलींना ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याविना चाप ओढायच्या सरावाची, सोय असते, रोज अर्धा तास करा. .२२ घेणार असाल तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा: बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट. आणि रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

ठिपका
ड्राय फायरचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी .२२ वरून हटत नाही, वाऱ्याशी गाठ लवकर पडलेली बरी. शनिवारी त्याला रेंजवर नेतोय, दोन्ही हातात देतो.

काकदृष्टी
एअर रायफल आधी द्या. .२२ चा बार ऐकल्यावर दिलीत तर तो छर्ऱ्यालाही दचकेल, आणि तुम्ही इथे येऊन लिहाल की एअर रायफल त्याला जमली नाही.