मदत हवी आहे: १९५० चं ‘ए. पी.’ कार्ड आणि गिरणगावातला क्षय

मंडळी, आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळालंय. साल १९५०-५१. वर इंग्रजीत ‘ए. पी.’, खाली साधारण आठवड्याच्या अंतराने तारखा. प्रत्येक तारखेपुढे ३५०, ४०० असा आकडा, त्याच्या आधी –८ –४ आणि नंतर –५ –१ अशा जोड्या. औषधाचं नाव कुठेच नाही. हे नक्की काय मोजलंय?

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, गावकऱ्यांच्या खोलीत. १६० चौरस फुटांत किती माणसं झोपत, याचा आकडा घरात दर वेळी वेगळा सांगतात. जेवण खाणावळीत. रातपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीला गेलेल्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा.

आजोबांच्या क्षयाबद्दल आमच्याकडे सरसकट म्हणतात, ‘गिरणीने खाल्लं.’ पण त्याच खोलीतले आणखी दोघे खोकून गेले आणि त्यातला एक गोदी कामगार होता, गिरणीची पायरीही चढला नव्हता. म्हणून माझा संशय खोलीवर आहे. चाळीतले सामाईक संडास, तुंबलेल्या मोऱ्या यांचाही हात असेल का? गावच्या मंडळाच्या स्मरणिकेत लिहायचंय, ऐकीव गोष्टी छापायच्या नाहीत.

प्रतिसाद १

निवृत्त छातीविकारतज्ज्ञ आहे. ए. पी. म्हणजे आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स. बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाच्या बाहेरच्या पोकळीत हवा भरायची, म्हणजे रोगट फुप्फुस दबतं, त्यातली भोकं मिटतात आणि त्याला विश्रांती मिळते. ४०० म्हणजे ४०० सी.सी. हवा. जोड्या म्हणजे हवा भरण्याआधीचा आणि नंतरचा दाब, पाण्याच्या नळीवर वाचलेला. हवा शोषली जाते, म्हणून पुन्हा पुन्हा ‘रिफिल’. हे दोन-तीन वर्षं चालायचं.

स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा शोध १९४३ चा, पण ते बाहेरून यायचं आणि साचेवाल्याच्या पगारात बसणारं नव्हतं. आयसोनियाझिड हे दुसरं औषध आलं १९५२ मध्ये. त्यामुळे कार्डावर औषध नाही याचं नवल वाटत नाही.

संडास-मोरीबद्दल: पटकी, विषमज्वर, हगवण तिथून. क्षय हवेतून. रोग्याने खोकलेले बारीक थेंब बंद खोलीत तासन् तास तरंगतात. कापसाच्या तंतूंनी होणारा दम्यासारखा आजार वेगळा, त्यात सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि तो पिंजण-कार्डिंगवाल्यांना जास्त. गोदीवाल्याचा मुद्दा तुम्ही अचूक पकडलाय. अर्थात गिरणी सुटत नाही. पगार, रातपाळी, अर्धपोटी राहणं, आणि अशा खोलीत राहायची पाळी आणणं हे तिचंच.

प्रतिसाद २

बीडीडीतच वाढलोय. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला (१८९८), मग १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. सुरुवातीला खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या होत्या, बंदच करता येत नसत. पावसाळ्यात लोक गोणपाट ठोकायचे. म्हणजे वारा यावा म्हणून केलेली सोय माणसांनीच बुजवली, आणि भिजण्यापेक्षा ते बरं होतं!

धागाकर्ता

दोघांचे आभार. डॉक्टर, अजून एक. जून १९५१ नंतर कार्ड कोरं आहे. आजोबा पेरणीला गावी गेले ते परतलेच नाहीत. वारले १९५३ मध्ये. आजी म्हणायची, गावच्या हवेने वर्षभर बरे होते.

प्रतिसाद १

ए. पी. मध्ये हीच ग्यानबाची मेख होती. रिफिल चुकले की हवा विरते, फुप्फुस फुगून छातीच्या आवरणाला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की पुन्हा हवा भरता येत नाही. तुमच्या गावाजवळ तेव्हा रिफिल देणारा आणि स्क्रीनिंगचं (छातीच्या एक्स-रेचं) यंत्र असणारा डॉक्टर असण्याची शक्यता फार कमी. ‘हवापालट करा’ हा सल्ला मुंबईत सर्रास देत. माणूस जायचा, सोबत जंतूही जायचे.

मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासात गरीब, दाटीच्या घरातल्या रोग्यांपैकी निम्म्यांना घरी आणि निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये औषधं दिली. गुण जवळपास सारखाच आला, आणि घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. आजोबांना ही औषधं जेमतेम हुकली. गावी असताना घरात कुणाला खोकला लागला होता का, तेही विचारा.

प्रतिसाद २

मृत्यू गावी झाला असेल तर मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालू नका. तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. १९५३ ची वही शाबूत असेल तर मृत्यूचं कारणही लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा नुसतं ‘ताप’ किंवा ‘खोकला’ असतं. अर्ज देताना गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका लिहा, तालुके बदललेत.