मदत हवी आहे: एथिकल हॅकिंग शिकताना पाया कुठून आणि किती खोल घालायचा?

नमस्कार मंडळी,

एथिकल हॅकिंग आणि नेटवर्क सुरक्षेचा अभ्यास माझा मीच करते आहे. प्रोग्रॅमिंगची थोडीफार सवय आहे, लिनक्सच्या कमांड लाइनची भीती वाटत नाही. नेटवर्किंग मात्र रीतसर शिकलेले नाही. पुढे पेनिट्रेशन टेस्टिंगमध्ये काम करायचं आहे, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेतल्या फटी शोधायच्या आणि त्या बुजवायला मदत करायची.

लॅब अशी आहे. एकाच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन मशीन: सुरक्षा चाचणीची टूल असलेलं काली लिनक्स, सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल २, आणि एक साधं लिनक्स. तिन्ही होस्ट-ओन्ली नेटवर्कवर आहेत, बाहेर इंटरनेटशी संबंध नाही.

अडचण सांगते. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलने स्कॅन केलं की काही पोर्ट (सेवांचे क्रमांक दिलेले दरवाजे) ओपन दिसतात, काही क्लोज्ड. साध्या लिनक्सवर फायरवॉल चालू केली की तेच पोर्ट फिल्टर्ड होतात. तिन्ही शब्दांच्या व्याख्या पाठ आहेत, पण एनमॅपला हे कळतं कशावरून, ते मला समोरच्याला उलगडून सांगता येणार नाही. एआरपी स्पूफिंगचंही (खोटी उत्तरं देऊन दुसऱ्याची पॅकेट आपल्याकडे वळवण्याचंही) तेच. दिलेल्या कमांड दिल्या की काम होतं, पण झालं नाही तर पुढे काय तपासायचं ते सुचत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं: कोणत्या संकल्पना आधी घ्याव्यात आणि किती खोल जावं? ओएसआय या नेटवर्किंगच्या आराखड्याचे सात थर घोकावे लागतात का? क्रिप्टोग्राफीसाठी गणित किती लागतं? टूलची यादी नको आहे, त्यांच्या आत काय चालतं ते समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

प्रश्न फार नेमका विचारलात. उत्तरही तुमच्याच लॅबमध्ये आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

कालीवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) उघडा, होस्ट-ओन्ली नेटवर्कचा इंटरफेस निवडा, कॅप्चर सुरू करा. मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून एनमॅप फक्त एकाच पोर्टवर चालवा. पूर्ण स्कॅन नको, हजारो ओळींत काहीच सापडणार नाही. मेटास्प्लॉइटेबलचा ८० नंबरचा पोर्ट घ्या. तीन पॅकेट दिसतील: तुमच्याकडून सिन (कनेक्शनची विनंती), तिकडून सिन-ऍक (होकार), आणि पुन्हा तुमच्याकडून रीसेट (कनेक्शन तोडा). टीसीपी या पोच घेत डेटा नेणाऱ्या प्रोटोकॉलचं कनेक्शन एरवी सिन, सिन-ऍक, ऍक (पोच) अशा तीन पावलांत जुळतं. एनमॅपला कनेक्शन जुळवायचंच नसतं. सिन-ऍक आलं, म्हणजे त्या पोर्टवर कुणीतरी ऐकतंय, एवढंच त्याला हवं असतं.

आता जिथे कुठलीही सेवा चालत नाही असा पोर्ट घ्या. तुमच्या सिनला थेट रीसेट येईल, तो क्लोज्ड. क्लोज्ड पोर्टही बोलतो, हे नीट लक्षात घ्या. मशीन जिवंत आहे आणि वाटेत बहुधा कुणी अडवत नाही, एवढी माहिती त्याने दिलेलीच असते.

फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं तर काहीच येत नाही. एनमॅप पुन्हा एकदा विचारून बघतो, वाट पाहतो आणि फिल्टर्ड लिहितो. यातली गंमत तुमच्या साध्या लिनक्सवर करून बघा. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ड्रॉपऐवजी (गुपचूप टाकून देण्याऐवजी) रिजेक्टचा (नकार कळवण्याचा) नियम लावा. आता आयसीएमपी या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा ‘पोहोचता येत नाही’ असा निरोप परत येईल. एनमॅप तरीही फिल्टर्डच म्हणेल, पण स्कॅन लवकर आटोपेल. मग त्याच रिजेक्टला टीसीपी रीसेट पाठवायला सांगा. तोच पोर्ट आता क्लोज्ड दिसेल, फायरवॉल तिथेच असूनसुद्धा! म्हणजे एनमॅप जे छापतो तो आलेल्या उत्तरावरून काढलेला अंदाज आहे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की रिपोर्टमध्ये ‘पोर्ट बंद आहे’ असं बेधडक लिहायला हात धजत नाही, आणि ते चांगलंच आहे.

क्रमाचं विचाराल तर मी असा जाईन: आयपी पत्ते आणि सबनेट (एका नेटवर्कातल्या पत्त्यांचा गट), मग एआरपी, मग टीसीपी आणि पोच न घेणारं यूडीपी, मग नावावरून आयपी शोधणारं डीएनएस, मग वेबचं एचटीटीपी आणि त्याचा मजकूर एन्क्रिप्ट करणारं टीएलएस. सबनेटवर फार दिवस घालवू नका. स्लॅश २४ आकाराच्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात, त्यातले २५४ मशीनना देता येतात, आणि समोरचा पत्ता आपल्या सबनेटमध्ये नसेल तर पॅकेट गेटवेकडे (बाहेरची वाट दाखवणाऱ्या मशीनकडे) जातं. हा शेवटचा मुद्दा पक्का झाला की बाकीची आकडेमोड सरावाने येते. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते ओळखता आले पाहिजेत.

एआरपीवर मात्र रेंगाळा. एकाच लोकल नेटवर्कवर मशीन एकमेकांना मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डच्या पत्त्याने) गाठतात. ‘अमुक आयपी कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारलं जातं आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता टेबलात नोंदला जातो. हा प्रोटोकॉल १९८२ चा, आणि उत्तर देणारा खरा की खोटा हे तपासायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. न विचारता आलेलं उत्तरही बऱ्याच सिस्टिम स्वीकारतात. स्पूफिंग चालतं ते याच्यावर. लॅबमध्ये हल्ला चालू असताना साध्या लिनक्सचं एआरपी टेबल उघडा. दोन वेगळ्या आयपींसमोर एकच मॅक पत्ता दिसेल, कालीचा. हल्ला पकडण्याची खूणही हीच. तुमचं स्पूफिंग फसलं तर आधी हे टेबल बघा, आणि मग कालीवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर पॅकेट तुमच्यापर्यंत येतात आणि तिथेच मरतात.

सात थर घोकू नका. ‘हे बिघडलंय ते कोणत्या थरावर?’ हे विचारता आलं की पुरे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. क्रिप्टोग्राफीबद्दल थोडं मी लिहिते.

सुरुवातीला गणित जवळपास लागत नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात, आणि मुलाखतीतही लोक नेमके इथेच अडखळतात. बेस६४ हे नुसतं एन्कोडिंग आहे, त्यात कसलंही गुपित नाही, कुणीही उलटवू शकतो. एन्क्रिप्शन किल्लीने उलटतं. हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, उलटवायचा नसतोच, तो फक्त जुळवून बघायचा असतो.

हॅशचा धडा तुमच्या लॅबमध्येच पडून आहे. मेटास्प्लॉइटेबलची शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश ठेवलेली फाइल) उघडा. पासवर्डच्या रकान्याची सुरुवात दोन डॉलर चिन्हांमध्ये १ अशी दिसेल, म्हणजे एमडी५ वर आधारलेली जुनी पद्धत. तुमच्या साध्या लिनक्सवर तिथे बहुधा ६ किंवा वाय असेल, म्हणजे एसएचए-५१२ वर आधारलेली पद्धत किंवा येस्क्रिप्ट. त्या खुणेनंतर (येस्क्रिप्टमध्ये मधल्या सेटिंगच्या भागानंतर) येतो तो सॉल्ट. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी सॉल्टमुळे हॅश वेगळे पडतात, त्यामुळे आधीच गणून ठेवलेली तयार टेबलं निकामी होतात. आता दोन्हीकडे एकच साधा पासवर्ड ठेवा आणि जॉन द रिपर या पासवर्ड तोडणाऱ्या टूलने तोडून बघा. सेकंदाला किती पासवर्ड तपासले जातात तो आकडा शेजारी शेजारी ठेवला की पासवर्डसाठीचा हॅश मुद्दाम संथ का ठेवतात, हे वेगळं शिकावं लागत नाही.

टीएलएसमध्ये दोन प्रश्नांची उत्तरं शोधा: समोरचा सर्व्हर तोच आहे हे ब्राउझरला कसं कळतं, आणि आधी कधीच न भेटलेले दोघं उघड्या वाहिनीवर एकच किल्ली कशी ठरवतात. पहिल्याचं उत्तर सर्टिफिकेटची साखळी, दुसऱ्याचं १९७६ ची डिफी-हेलमन पद्धत. एआरपी स्पूफिंग करून मध्ये बसलेल्याला एचटीटीपीएसचा मजकूर वाचता येत नाही. पण कोणत्या आयपीशी बोलणं चाललंय, किती डेटा गेला, आणि बऱ्याचदा साइटचं नावसुद्धा दिसतं, कारण डीएनएसची विचारणा अनेक ठिकाणी अजून उघडीच जाते आणि टीएलएसच्या पहिल्या निरोपातही नाव सहसा उघडं असतं. हेही वायरशार्कमध्ये स्वतः बघा.

प्रतिसाद ३

परवानगीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मला हा विषय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

परवानगी लेखी हवी आणि ती देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार हवा. कोणते आयपी, कोणती डोमेन, कोणत्या तारखा, कोणत्या चाचण्या चालतील, सेवा बंद पाडणाऱ्या चाचण्या करायच्या की नाही, काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं कागदावर असतं. यादीत नसलेलं मशीन कितीही उघडं दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही. सर्व्हर तिसऱ्याच कंपनीच्या क्लाउडवर असेल तर तिचे नियमही बघावे लागतात. ‘नुसतं स्कॅनच तर केलं’ हा बचाव प्रत्येक ठिकाणी टिकेल असं धरून चालू नका. लॅबबाहेर स्कॅन करून बघायचं असेल तर एनमॅपच्या प्रकल्पानेच स्कॅनमी नावाचा सर्व्हर त्यासाठी खुला ठेवला आहे, तोही बेताने वापरा अशी त्यांची विनंती आहे.

आणि बचावाची बाजू सोबतच शिका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या, ४४५ पोर्टवरच्या फटीतून. मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता. आपल्याकडे कोणती मशीन आहेत, कशावर कोणती आवृत्ती आहे, ही नोंद ज्यांच्याकडे नव्हती त्यांना पॅच कुठे लावायचा हेच कळत नव्हतं. म्हणून लॅबमध्ये एक फट सापडली की पुढचं मशीन फोडायला धावू नका. आधी तीच फट बुजवा आणि पुन्हा स्कॅन करून ती खरंच बुजली का ते बघा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार! एका पोर्टवरचं कॅप्चर करून बघितलं. सिन, सिन-ऍक, रीसेट अगदी तसंच दिसलं. रिजेक्टमध्ये टीसीपी रीसेट लावल्यावर पोर्ट क्लोज्ड दिसला तेव्हा फार आनंद झाला, कारण ‘असं का?’ याचं उत्तर या वेळी माझं मला देता आलं. आता दोन्ही शॅडो फाइल घेऊन बसणार आहे.

एक उपप्रश्न. यूडीपी स्कॅन लावला तर तो संपतच नाही, आणि बऱ्याच पोर्टपुढे ‘ओपन किंवा फिल्टर्ड’ असं येतं. हे कसं वाचायचं?

प्रतिसाद १ लिहिणारा

यूडीपीत सिन-ऍकसारखी पोच नसते. बंद पोर्ट असेल तर मशीन आयसीएमपीने तसं कळवतं. उघडा असेल तर त्या सेवेला तुमचं पॅकेट समजलं तरच ती उत्तर देते, नाहीतर गप्प बसते. फायरवॉलने टाकून दिलं तरी शांतताच. या दोन शांतता एनमॅपला वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून तो दोन्ही शक्यता लिहितो.

वेळ लागतो कारण लिनक्स हे आयसीएमपी निरोप मोजून मापून, साधारण सेकंदाला एक असे पाठवतं. ६५,५३६ पोर्ट त्या वेगाने म्हणजे १८ तासांच्या वर. म्हणून सगळे पोर्ट लावू नका. ५३, १२३ आणि १६१, म्हणजे डीएनएस, एनटीपी (वेळ जुळवणारं) आणि एसएनएमपी (उपकरणांवर देखरेख करणारं), एवढेच घ्या आणि आवृत्ती ओळखण्याचा पर्याय चालू ठेवा. मग एनमॅप त्या त्या सेवेच्या भाषेतली पॅकेट पाठवून बघतो, आणि उत्तर आलं की ‘किंवा’ जाऊन नुसतं ओपन उरतं. वायरशार्क चालू असू द्या, ५३ वर नेमकी कोणती डीएनएस विचारणा गेली ते दिसेल.