मॅकबेथ काढून युद्धाच्या आठवणी लावा म्हणणाऱ्यांना

विंगेतून:

परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गातून शेक्सपिअर काढा, कारण मॅकबेथला सहा आठवडे लागतात आणि पोरं शेवटी गाइडच वाचतात. त्याऐवजी युद्धाच्या आठवणींचं पुस्तक लावा, ते दहा दिवसांत संपतं आणि ‘आपोआप कळतं’. खाली अनुमोदनांची रांग. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

सहा आठवडे नाटक खात नाही. मॅकबेथ ही शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका. दोन हजारांच्या थोड्या वर ओळी, रंगमंचावर दोन-सव्वादोन तासांत पडदा पडतो. वेळ खाते ती बाकांच्या ओळीने एकेक वाक्य वाचायची पद्धत. पुढचे सगळे ‘माझं वाक्य कोणतं’ हे मोजण्यात गर्क, ज्यांचं वाचून झालं ते ‘सुटलो’ म्हणून खिडकीबाहेर. ऐकत कोणीच नाही.

अंक २, प्रवेश २ घ्या. राजाचा खून नुकताच झालाय. लेडी मॅकबेथ विचारते, ‘डिड नॉट यू स्पीक?’ मॅकबेथ, ‘व्हेन?’ ती, ‘नाऊ.’ तो, ‘ॲज आय डिसेंडेड?’ चार तुकडे, पण छंदाच्या हिशेबात ओळ एकच, पाच ठोक्यांची. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करा. अट एकच: समोरच्याचा शब्द संपता संपता आपला सुरू झाला पाहिजे. तीनदा म्हणून घ्या. तिसऱ्या खेपेला भीती कशी असते ते वर्गाला सांगावं लागत नाही. हेच बाकावरून, मध्ये शब्दार्थाला थांबत वाचलंत तर हाती चार बिनकामाचे शब्द उरतात.

आता ‘आपोआप कळतं’ या थापेबद्दल. कळते ती घटना. बॉम्ब पडला, मित्र गेला. पण सांगणारा किती वर्षांनी सांगतोय, त्यातलं स्वतः पाहिलेलं किती, ऐकीव किती, कुठे तो बोलायचं टाळतोय, यावर एक प्रश्न विचारला जात नाही. ‘लेखकाला काय वाटले?’ ‘दुःख वाटले.’ दोन गुण, पुढचा धडा.

आणि मौज अशी की मॅकबेथमध्ये युद्धवृत्तांत आहेच. अंक १, प्रवेश २. रक्तबंबाळ सैनिक राजासमोर उभा राहून लढाई सांगतो, सांगता सांगता त्याची शुद्ध हरपू लागते. मॅकबेथने माणसाला नाभीपासून जबड्यापर्यंत फाडला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं, हे ऐकून राजा ‘शूर, गुणी’ म्हणून शाबासकी देतो. शेवटी मॅकबेथचंच मुंडकं आणलं जातं. वेळ वाचवायला वर्गात कापला जातो तो नेमका हाच प्रवेश, ‘नुसता निरोप आहे’ म्हणून. मग पोरांना मॅकबेथ सैनिक म्हणून दिसतच नाही, बायकोचं ऐकणारा खुनी तेवढा दिसतो.

रोखठोक:

पोस्ट माझीच होती. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

पाठीला पाठ लावून दोघं उभी. उरलेली अडतीस काय करणार? गंमत बघणार. उद्या आणखी दोघं. ही तुमची तालीम बारा जणांच्या नाट्यमंडळात शोभते. ज्यांना आजचं साधं इंग्रजी वाचतानाच दर ओळीला दोन शब्द अडतात, त्यांच्यापुढे ‘दाउ’, ‘हॅथ’ आणि उलटापालटा शब्दक्रम टाकून वर ‘छंद ऐका’ म्हणायचं?

आठवणींचं पुस्तक सरळ गद्यात असतं आणि बहुतेक वेळा काळाच्या क्रमाने जातं. एक दिवस गैरहजर राहिलेला मुलगा दोन पानं चाळून पुन्हा रांगेत येतो. मॅकबेथच्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला गैरहजर राहिला, तर पुढच्या तासाला मेजवानीत खुर्चीवर बसलेला तो रक्ताळलेला पाहुणा कोण, हे शेजाऱ्याला विचारत बसतो. शेजाऱ्यालाही माहीत नसतं.

तळटीप:

दोघांनाही एकेक टाचणी.

विंगेतून, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, प्रत्येकाचं बोलणं डाव्या समासापासून सुरू होतं. तुकडे जोडून एक ओळ करणारी ती पायऱ्यापायऱ्यांची मांडणी नंतरच्या संपादकांची. ‘न थांबता बोला’ ही सूचना चांगली असेल, पण ती शेक्सपिअरच्या नावावर खपवू नका.

रोखठोक, तुमच्या पोस्टखाली ज्या ‘युद्धाच्या आठवणी’ सुचवल्या गेल्या त्यात पहिलं नाव रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’चं. ती १९२९ ची कादंबरी आहे हो! निवेदक शेवटी मरतो. मग आठवणी लिहिल्या कोणी, भुताने? दुसरं टिम ओब्रायनचं ‘द थिंग्ज दे कॅरीड’, १९९० चं. निवेदकाचं नाव टिम ओब्रायनच, पण हे कल्पित लेखन आहे असं त्या पुस्तकातच छापलंय. त्याच्या आठवणींचं पुस्तक वेगळं, १९७३ चं. पहिल्या महायुद्धात लढलेला कवी ससून, त्याने आपल्या हकिकतीला शेर्स्टन नावाचा माणूस उभा केला आणि त्याच्यातून स्वतःचं कवीपणच वजा केलं. ते कोणत्या फळीवर ठेवणार? आधी यादी नीट करा, मग शेक्सपिअरला निवृत्त करा.

पाटीपेन्सिल:

तळटीप यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. ‘खरं घडलंय’ एवढ्या भांडवलावर ही पुस्तकं वर्गात येतात आणि तोच प्रश्न कोणी उघडत नाही.

उघडायचा कसा, ते सांगते. दीड-दोन पानांचा उतारा, तीन रंगांच्या पेन्सिली. स्वतः पाहिलेलं एका रंगात, दुसऱ्याकडून ऐकलेलं दुसऱ्यात, नंतर कळलेलं किंवा नंतर वाटलेलं तिसऱ्यात. ‘नंतर समजलं’, ‘तेव्हा ठाऊक नव्हतं’, ‘बहुधा’ अशा शब्दांवर थांबायचं. मुलं पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं पहिल्याच रंगात रंगवतात. हे होणारच. मग विचारायचं, ‘हा माणूस या क्षणी खंदकात आहे, तर टेकडीपलीकडची तुकडी कोणत्या दिशेने वळली हे त्याला दिसलं कसं?’ दुसऱ्या फेरीत निम्मे रंग बदलतात. उतारा याहून मोठा घेऊ नका, तिसऱ्या पानापासून ते नुसतं रंगकाम होतं.

व्हेरा ब्रिटन या इंग्रज लेखिकेच्या आठवणी यासाठी उत्तम. टेस्टामेंट ऑफ यूथ १९३३ चं. आधी तिने कादंबरी करायचं ठरवलं, मग नावं बदलून डायरी छापायचं, दोन्ही फसलं, हे ती प्रस्तावनेतच सांगते. पहिल्या महायुद्धातली तिची मूळ डायरीही १९८१ मध्ये छापली गेली. १९१५ च्या नाताळात तिचा होणारा नवरा रोलंड रजेवर येणार म्हणून ती वाट पाहतेय, फोन येतो, त्याचाच असेल म्हणून आनंदाने धावते, आणि कळतं की तो गेला. हा प्रसंग डायरीत आहे आणि १८ वर्षांनंतरच्या पुस्तकातही. दोन्ही उतारे समोरासमोर चिकटवा आणि काय गळलं, काय वाढलं, कोणतं वाक्य जसंच्या तसं राहिलं, एवढंच शोधायला लावा. ४० मिनिटं पुरतात. ‘दुःख वाटले’ लिहायला जागाच उरत नाही.

रोखठोक:

आणि इथेच मला भीती वाटते. ‘आठवण बेभरवशाची असते’ हे चौदा-पंधराच्या वयात शिकवलंत की त्यातला एक तरी हुशार पोरगा छळछावणीतून वाचलेल्याचं पुस्तक हातात घेऊन म्हणतो, ‘मग हेही कशावरून?’ नरसंहार झालाच नाही म्हणणारे हेच शस्त्र वापरतात. तुमच्या तीन पेन्सिली त्यांच्या हाती द्यायच्या? साहित्याच्या बारकाव्यांसाठी ही किंमत मला मान्य नाही.

तळटीप:

अहो, किंमत उलट बाजूने मोजा. छावणीतून वाचलेल्या एली वीझेलचं ‘नाइट’ हे पुस्तक यिडिश या ज्यू भाषेत १९५६ ला ब्युनॉस आयर्समध्ये आलं, फ्रेंच १९५८, इंग्रजी १९६०. यिडिश आवृत्ती फ्रेंचपेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे कापाकापी झाली, सूर बदलला. ही गोष्ट मुलाला पहिल्यांदा कुठे कळावी? वर्गात बाईंकडून, की रात्री दोन वाजता कुणा नाकारणाऱ्याच्या पानावर, ‘बघा, तुमच्यापासून लपवलं’ अशा थाटात? जो वर्गात शिकलाय की लेखक मजकूर छाटतो आणि छाटणं म्हणजे बनाव नव्हे, तो तिथे फसत नाही. छावण्या होत्या हे एका पुस्तकावर उभं नाही. कागदपत्रं, खटले, गुन्हेगारांचे स्वतःचे जबाब आहेत. तारीख चुकणं आणि घटना न घडणं यातला फरक शिकवायचा नसेल तर मग नुसतं रडवायला पुस्तक लावता का?

रोखठोक:

‘रडवायला’ हा शब्द मागे घ्या, मग बोलू.

तळटीप:

मागे घेतला. मुद्दा नाही.

गॅलरीतला:

अवांतर, पण कोणीतरी बोललं पाहिजे. सगळ्यांत मोठा चोर आहे ती डावीकडे मूळ आणि उजवीकडे ‘आजचं सोपं इंग्रजी’ छापलेली आवृत्ती. डोळा डावीकडे जातच नाही. विंगेतून यांनी ‘फाडला’ लिहिलं, मूळ शब्द आहे ‘अनसीम्ड’. सीम म्हणजे शिवण. आपल्याकडे अचूक शब्द आहे, उसवला. माणूस कपड्यासारखा उसवला. सोप्या पानावर काय असतं? ‘पोट कापलं.’ गेली शिवण, गेला तो थंडपणा, आणि पुढे सरदार मॅकडफ ‘जुने झगेच नव्यांपेक्षा अंगाला बरे बसत होते, असं न होवो’ म्हणतो तेव्हा कपड्यांचा धागा पकडायला काही राहत नाही. त्यापेक्षा आकड्यांच्या टिपा असलेली साधी आवृत्ती द्या, अडेल तेवढंच खाली बघायचं.

दुसरा चोर, आधी सिनेमा दाखवणं. सिनेमा नंतर, आणि एकच प्रवेश दोन वेगवेगळ्या चित्रपटांतून. मेजवानीचा घ्या. मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं भूत पडद्यावर दाखवलंय की खुर्ची रिकामीच ठेवलीय, एवढ्या एका निर्णयावर तासभर भांडण होतं.

विंगेतून:

फोलिओची टाचणी मान्य. संपादकांची मांडणी म्हणेन. तरी न थांबताच म्हणून घेईन. ‘उसवला’ तर चोरतोच.

रोखठोक, अडतीस जणांचा प्रश्न खरा आहे, तो मी सफाईने गिळला होता. उत्तर: वर्गाचे जोड्याजोड्यांनी वीस गट, सगळे एकाच वेळी म्हणतात. गोंगाट होतो, शेजारचा वर्ग तक्रार करतो, पण तोंड सगळ्यांचं उघडतं. मोठी भाषणं आदल्या दिवशी वाटायची, एकाला आठ ओळींच्या वर नाही. चेटकिणींच्या ओळी बाकावर ठोके देत म्हणायच्या. पहिला ठोका जोरात, दुसरा हलका, म्हणजे राजा-सरदारांच्या ओळींची उलटी चाल हाताला कळते.

कात्रीही लावतोच. चेटकिणींची देवी हेकटी, तिचा प्रवेश, अंक ३ प्रवेश ५, पूर्ण जाऊ दे. तो बहुधा मिडल्टन या दुसऱ्या नाटककाराच्या हातचा आहे, हळहळू नका. अंक ४ प्रवेश ३ मधली राजपुत्र माल्कमने घेतलेली मॅकडफची लांबलचक परीक्षा जाऊ दे. पण त्याचा शेवट ठेवाच. रॉस नावाचा सरदार मॅकडफकडे त्याच्या बायकामुलांच्या हत्येची बातमी घेऊन येतो आणि विचारल्यावर आधी ‘मी निघालो तेव्हा शांत होते’ असं म्हणून टाळतो. पाटीपेन्सिल यांच्या फोनच्या प्रसंगाशेजारी हा ठेवून बघा. बातमी आणणारा, बातमी ऐकणारा, आणि मधली टाळाटाळ. नाटक हे आधीपासून करत आलंय. ग्रीक नाटककार एस्किलस मॅरेथॉनच्या लढाईत स्वतः लढला होता, आणि सलामिसच्या लढाईनंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२ ला, त्याने ती लढाई हरलेल्या पर्शियनांच्या दूताच्या तोंडून, त्यांच्या राणीसमोर सांगितली. त्याला तुम्ही नाटकाच्या तासाला बसवणार की आठवणींच्या?

पाटीपेन्सिल:

एक भर. ज्या मुलाने घरात युद्ध भोगलंय त्याला सगळ्यांसमोर उतारा मोठ्याने वाचायला लावू नका, आणि ‘तुझा अनुभव सांग’ तर मुळीच नको. दुसरा उतारा तयार ठेवा, कारण न विचारता.

रोखठोक:

हे पहिलं शहाणं वाक्य या धाग्यावर.

बरं. पुढच्या सत्रात आठवणींचं पुस्तक राहीलच, मॅकबेथ पूर्ण लावणार नाही. पण अंक १ प्रवेश २ आणि मॅकडफची बातमी, असे चार तास देऊन बघतो. अडणारे दहा शब्द आदल्या दिवशी फळ्यावर. वीस गटांचा गोंगाट नाही, दहा गट, बाकीचे पेन्सिली घेऊन ऐकतील, मग अदलाबदल. फसलं तर इथेच येऊन लिहीन, आणि मग कोणी छंद काढायचा नाही.

तळटीप:

तयारीत एवढं घ्या: त्या रक्तबंबाळ सैनिकाला फोलिओची रंगसूचना कॅप्टन म्हणते आणि माल्कम सार्जंट म्हणतो. कोणीतरी विचारणारच.

रोखठोक:

विचारलं तर तुमचा पत्ता देतो.