रीसेल फ्लॅटच्या भिंतीतले पाइप कुजलेत, मदत हवी आहे

मार्चमध्ये कोथरूडला १९९६ च्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रीसेल फ्लॅट घेतला. राहायला आलो आणि तीन आठवड्यांत खालच्या काकूंच्या बाथरूमचा स्लॅब ठिबकायला लागला. त्या रोज बादली लावून ठेवतात, फार वाईट वाटतं.

फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरून झालं, नहाणी ट्रॅप बदलला, फरक पडला नाही. मग प्लंबरने प्रेशर टेस्ट घेतली. गरम पाण्याच्या लाइनमध्ये प्रेशर टिकेना. गीझरखालची टाइल फोडली तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे गंजून पापुद्रे सुटलेले, आणि वर जुनं एम-सील थापलेलं! आधीच्या मालकांना हे माहीत असणारच. फोटो काढून ठेवलेत.

सोसायटीची बाहेरची लाइन कोरडी आहे, म्हणजे खर्च माझाच, हे मान्य. इमारत जुनी, त्यामुळे बिल्डरने दोष दुरुस्त करून देण्याची रेरा कायद्यातली ५ वर्षांची मुदत लागू नाही. बाथरूम एकच आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे आठ दिवसांपेक्षा जास्त काम चालवता येणार नाही.

जुने पाइप भिंतीतच सोडून सीपीव्हीसीची (गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिक पाइपची) लाइन भिंतीवरून उघडी फिरवलेली कुणाकडे आहे का, कशी टिकली? आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ खाली, लपवलेल्या दोषाबद्दल वकिलाच्या नोटिशीवर विक्रेत्याकडून कुणाला पैसे मिळालेत का?